बिअर ढवळायच्या लाकडी वल्ह्याला भोकं का असतात?

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर बनवायला केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. तिथले अनेक हौशी लोक बिअरसोबत ती ढवळायचं वल्हंही स्वतःच बनवतात.

बिअरसाठी मोड आणून वाळवलेली बार्ली भरडतात आणि सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. या उष्णतेत दाण्यातली विकरं स्टार्चचं साखरेत रूपांतर करतात. पण भरड पाण्यात पडताच गुठळ्या होतात. त्या आतून कोरड्या राहिल्या, तर साखर कमी मिळते. पात्याला भोकं असली की मिश्रण त्यांतून वाहतं, गुठळ्या फुटतात आणि हातावरचा जोरही कमी होतो.

लाकूड मेपलसारखं टणक आणि दाट पोताचं घेतात. पाइनमधली राळ चव बिघडवू शकते. कडा गोल करून, सँडपेपरने घासून फूड-ग्रेड मिनरल ऑइल लावलं की पुरे, वॉर्निश नको.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत जंतू राहतात. उकळण्याआधी वल्हं वापरलं तर ते पुढच्या उकळीत मरतात. थंड झालेल्या द्रवात तेच वल्हं बुडवलं, तर सगळी बिअर आंबट होऊ शकते.