पंजा दे रे, मोती! (नखं कापून न घेणाऱ्या कुत्र्यांसाठी)



ज्या घरात कुत्रा आहे, त्या घरात मार्च उजाडला की लॅमिनेटच्या जमिनीवर एक आवाज यायला लागतो. टक टक टक टक. नखं वाढल्याची ही पावती. उन्हाळ्यात ग्रँड नदीकाठी आणि साइडवॉकवर रोज तासभर फिरणारा आपला मोती नोव्हेंबरपासून बर्फातून पाच-दहा मिनिटांत सगळं उरकून घरात पळत येतो. बर्फावर नख झिजत नाही, आणि वाढायचं काही थांबत नाही. मग एका शनिवारी सकाळी सगळं घर कामाला लागतं. एकजण कुत्र्याला धरतो, दुसरा क्लिपर घेतो, मुलं टॉर्च धरतात, आणि कुत्रा सोफ्याखाली! नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, आपण क्लिपर घेऊन धावतो. कुत्र्याला फरक बरोब्बर कळतो.

"गावाकडे कुत्र्यांची नखं कोणी कापली होती? इथेच ही थेरं कशाला?" असं भारतातून आलेले आई-बाबा विचारतात. प्रश्न रास्त आहे. गावचा कुत्रा दिवसभर मुरमाड रस्त्यावर, दगडांवर फिरतो, माती उकरतो. त्याची नखं आपोआप झिजतात. आपला मोती कार्पेटवर लोळतो. शिवाय पुढच्या पायाला आतल्या बाजूला, थोडं वर एक अंगठ्यासारखं नख असतं, ज्याला इथे ड्यू क्लॉ म्हणतात. ते उभ्या कुत्र्याच्या जमिनीला टेकत नाही, त्यामुळे फारसं झिजतही नाही. दुर्लक्ष झालं तर ते गोल वळून थेट मांसात रुततं. केसाळ कुत्र्यात तर कुत्रा लंगडायला लागेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही.

नखं वाढली की बिघडतं काय? चालताना पंजाच्या गादीआधी नख जमिनीला टेकतं आणि बोट वर ढकललं जातं, प्रत्येक पावलाला. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला गुळगुळीत जमिनीवर उभं राहणंही मग अवघड होतं. लांब नख कार्पेटच्या धाग्यात अडकून मुळापासून तुटतं ते वेगळंच. आणि घरात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतील तर कुत्र्याने प्रेमाने टाकलेली एक उडीसुद्धा महागात पडते. म्हातारपणाची पातळ कातडी, त्यावर ओरखडा, आणि रक्त लवकर थांबत नाही.

तेव्हा नखं कापायला हवीत, हे नक्की. पण "धरून बसा, एकदाचं उरकून टाकू" हा आपला आवडता मार्ग मात्र सोडायला हवा. कारण तो चालला तरी एकदाच चालतो. पुढच्या वेळी कुत्रा आधी पळतो, त्याच्या पुढच्या वेळी गुरगुरतो, आणि शेवटी चावतो. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" ही म्हण इथे लागू होत नाही. हा स्वभाव नव्हे, ही शिकलेली भीती आहे, आणि शिकलेलं बदलता येतं.

कुत्र्याला भीती वाटण्याचं कारण समजून घेऊ. नखाच्या आत एक जिवंत गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. इथे त्याला क्विक म्हणतात. क्लिपर त्याला लागला की कळ डोक्यात जाते. पण नुसता दाब पडला तरी जिवंत भागाला तो जाणवतो. त्यात पंजा ही कुत्र्याची हळवी जागा, वर चार माणसांनी दाबून धरलेलं. असं एकदा झालं तरी पुरतं. त्यानंतर कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला तरी मोती गायब!

ही भीती काढायची पद्धत जुनी आहे, आणि ती कुत्र्यावर नव्हे, माणसाच्या मुलावर वापरून दाखवली गेली. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. तो आवडीचं खाणं खात असताना ससा लांब ठेवला, आणि मग दिवसांमागून दिवस थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावायला लागला. आज जगभरचे कुत्र्यांचे प्रशिक्षक जे करतात त्याचं मूळ हेच. घाबरवणारी गोष्ट इतकी लहान करायची की भीती वाटूच नये, आणि तिच्याबरोबर काहीतरी छान द्यायचं.

आता घरी करायचं कसं? क्लिपर शक्यतो नवा घ्या, दिसायला वेगळा, आणि जागाही बदला. जुन्या क्लिपरच्या आणि जुन्या जागेच्या आठवणी वाईट असतात. पहिल्या दिवशी काहीच कापायचं नाही. क्लिपर दाखवा, लगेच चिकनचा छोटा तुकडा द्या, क्लिपर पाठीमागे लपवा. असं पाच-सहा वेळा, की झालं त्या दिवसाचं काम.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. आधी क्लिपर, मग चिकन. आपण बहुतेक जण उलटं करतो. आधी चिकन दाखवून कुत्र्याला सोफ्याखालून बाहेर काढतो, आणि आला की धरतो. त्याने कुत्रा काय शिकतो? चिकन दिसलं की पुढे क्लिपर येणार! मग त्याचा चिकनवरचाही विश्वास उडतो. क्लिपर आधी आला तर काही दिवसांत क्लिपर बघून शेपूट हलायला लागते, कारण आता तो चिकनची वर्दी झाला.

क्लिपर दिसल्यावर कुत्रा आनंदाने तुमच्या हाताकडे बघायला लागला की पुढची पायरी. खांद्याला हात, तुकडा. कोपरापर्यंत हात, तुकडा. पंजा हातात एक सेकंद, तुकडा. मग क्लिपर नखाला नुसता टेकवायचा. मग कुत्र्याजवळ स्पॅगेटीची कच्ची काडी क्लिपरने कापायची, म्हणजे 'कट्' आवाजाची सवय होते. (ही स्पॅगेटीची युक्ती मुलांवर सोपवावी, त्यांना भारी आवडते.) एखाद्या कुत्र्याला हे सगळं चार दिवसांत जमतं, एखाद्याला दोन महिने लागतात. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

मग पहिलं नख. एकच! टोकाचा एक मिलिमीटर, भरपूर शाबासकी, आणि क्लिपर खणात. पुढच्या दोन पायांना पाच-पाच आणि मागच्या दोन पायांना बहुधा चार-चार, अशी अठरा नखं. रोज एक कापलं तर अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. "सगळी एका बैठकीत" असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही.

कुत्र्याला "नको" म्हणता येणं हाही या शिकवणीचा मोठा भाग आहे. लंडनचे प्रशिक्षक चिराग पटेल यांनी यासाठी बकेट गेम नावाचा एक खेळ लोकप्रिय केला. समोर एका डब्यात खाऊ ठेवायचा. कुत्रा डब्याकडे बघत शांत राहिला की मध्ये मध्ये त्याला त्यातला खाऊ मिळतो, आणि तो बघतोय तोवरच आपण पंजाला हात लावायचा. त्याने मान वळवली की आपला हात लगेच बाजूला. "मग तो सारखीच मान वळवेल!" असं वाटतं ना? पण आपलं कोणीतरी ऐकतंय हे कळलं की बहुतेक कुत्रे जास्त धीट होतात. आपल्याच मुलांच्या बाबतीत हे आपण पाहिलेलं असतं.

त्याचं "नको" ओळखायला शिका. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे एकदम दगडासारखं स्तब्ध होणं. "बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय" असं आपण ज्याला म्हणतो ते पुष्कळदा हेच असतं. गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं ही त्याची घंटा आहे. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी तो घंटा न वाजवता चावेल. आणि ऑन्टॅरिओत चावणं घरातल्या घरात मिटत नाही. डॉक्टरकडे गेलात की त्यांना ते सार्वजनिक आरोग्य खात्याला कळवावं लागतं, आपल्याकडे म्हणजे वॉटरलू विभागाच्या. मग रेबीजच्या शंकेसाठी कुत्रा दहा दिवस देखरेखीखाली राहतो. पाहुण्याला चावला तर प्रांताच्या कायद्याप्रमाणे भरपाईची जबाबदारी मालकाची.

खाऊबद्दल दोन शब्द, कारण आपलं स्वयंपाकघर वेगळं. उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन, थोडं चीज किंवा पनीर, गाजर चालेल. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, आमटीत भिजवलेली पोळीसुद्धा नाही. बेदाणे, मनुका, द्राक्षं अजिबात नकोत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणजे बेदाणा लावलेला लाडूही बाद. शेंगदाण्याच्या बटरच्या बाटलीवर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, ते वाचा. ती साखर कुत्र्याला विष आहे.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी. तिन्हीसांजेनंतर नखं कापू नयेत, ही आजीची ताकीद इथे शंभर टक्के पाळावी. पांढऱ्या नखात गुलाबी गाभा दिसतो, त्याच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबायचं. काळ्या नखात काहीच दिसत नाही, म्हणून दिवसाउजेडी, खिडकीशी बसून, सुपारी कातरावी तसे पातळ पातळ काप घ्यायचे. कापलेला भाग समोरून बघा. सुरुवातीला तो कोरडा, भुरकट असतो. मध्यभागी गडद, ओलसर चमक असलेला ठिपका दिसला की थांबा, पुढे जिवंत भाग आहे. फार वाढलेल्या नखात गाभाही पुढे आलेला असतो, त्यामुळे एकदम आखूड करता येत नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की गाभा हळूहळू मागे सरकतो. क्लिपरला धार हवी. बोथट क्लिपर नख कापत नाही, चिरडतो.

रक्त आलंच तर घाबरू नका, आणि ओरडू तर मुळीच नका. पेट स्टोअरमध्ये रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर मिळते, ती आधीच आणून ठेवा. नसेल तर कॉर्नस्टार्चमध्ये नख दाबून दोन-तीन मिनिटं धरा. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर व्हेटला फोन करा.

काही कुत्र्यांना क्लिपर कधीच पटत नाही. त्यांच्यासाठी माझा आवडता उपाय म्हणजे खरवडायची पाटी. हेस्पेलर रोडवर काय, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात लाकडी फळी आणि ऐंशी नंबरचा सँडपेपर मिळतो. फळीवर तो घट्ट चिकटवा, फळी तिरकी धरा, मागे खाऊ लपवा आणि कुत्र्याला पंजाने उकरायला शिकवा. तो स्वतःची नखं स्वतः घासतो! ना धरणं, ना रडणं. पंजाची गादी घासली जात नाही ना, तेवढं बघा. पुढच्या पायांचं काम बरंचसं होतं. ड्यू क्लॉ मात्र राहतं आणि मागचे पाय शिकवायला कठीण. विजेवर चालणारा ग्राइंडरही मिळतो, पण त्याचा आवाज आणि थरथर यांची सवय वेगळी करावी लागते. नख तापतं म्हणून एका वेळी एक-दोन सेकंदच टेकवायचा, आणि लांब केस गुंडाळले जाणार नाहीत याची काळजी घ्यायची.

आपल्यापैकी काहींनी भारतातले रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊन इथे आणले आहेत. (२८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने भारतासह रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणणं बंद केलं, तेव्हा हे त्याआधीचे.) यातल्या अनेकांच्या पंजाला लहानपणी माणसाचा हात लागलेलाच नसतो. त्यांची सुरुवात पंजापासून नाही, खांद्यापासून करा, आणि कॅलेंडर बघू नका.

कुत्रा आधीच चावण्यापर्यंत पोचला असेल तर हे घरी एकट्याने करू नका. जाळीच्या मझलची सवयही अशीच चिकन देत देत लावता येते. व्हेट तपासून, भीती कमी करणारं औषध येण्याआधी घरी द्यायला लिहून देऊ शकतात, किंवा क्लिनिकमध्ये गुंगी देऊन नखं कापतात. त्यात कमीपणा काही नाही. शेजारच्या ग्वेल्फमधल्या ऑन्टॅरिओ व्हेटरनरी कॉलेजच्या रुग्णालयात वर्तणुकीच्या तक्रारींसाठीही आपल्या व्हेटमार्फत चौकशी करता येईल. स्वतःच्या गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि टायलेनॉल दोन्ही त्याच्या जिवावर उठू शकतात.

आणि वर्षानुवर्षं गुपचूप पंजा देणारा म्हातारा कुत्रा अचानक पाय ओढून घ्यायला लागला, तर शिकवणी नंतर, आधी तपासणी. बहुधा नख नाही, सांधा दुखत असतो. अशा कुत्र्याला उभं करून पाय वर उचलण्यापेक्षा जाड गादीवर कुशीवर झोपू द्या, पाय शरीराजवळच ठेवा, आणि एका वेळी एकच नख कापा.