कासचा तांबडा दगड आणि पद्मिनीचा पत्रा

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला जाणाऱ्यांची नजर पायाखालच्या तांबड्या दगडाकडे क्वचितच जाते. तो जांभा. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने काळ्या कातळातलं बरंच काही धुऊन नेलं, लोह मागे राहिलं आणि त्याची ऑक्साइडं झाली. जांभ्याचा रंग तो गंजाचाच. साताऱ्यात एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची प्रीमियर पद्मिनीही त्याच वाटेने चाललेली असते. खनिजातून भट्टीत ओढून काढलेलं लोखंड ओल आणि हवा मिळताच पुन्हा ऑक्साइड होतं. म्हणून पहिल्यांदाच अशी गाडी दुरुस्तीला घेणाऱ्याने गंज खरवडायच्या आधी पाणी कुठे साचतंय ते शोधावं.

थेंबभर पाणी पत्र्यावर बसलं की तिथे चिमुकली बॅटरी तयार होते. थेंबाच्या कडेला हवा भरपूर, मध्यभागी कमी. गंमत म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी, तिथलंच लोखंड विरघळतं. म्हणून बॉनेटवरचा उघडा ओरखडा बराच काळ वरवर तांबूस राहतो. पण मडगार्डच्या आत चिकटलेल्या ओल्या चिखलाखाली किंवा पत्र्याच्या दुमडीत गुपचूप भोक पडतं.

कृष्णाकाठी हा चिखल ओळखीचा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेलं. पुरात बुडालेली गाडी धुतली की वरून लख्ख दिसते. दारांच्या पोटात आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत मात्र गाळ तसाच राहतो. तो दर पावसाळ्यात ओल धरतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे ही पट्टी सडली, की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो.

तपासणीला दोन स्वस्त हत्यारं पुरतात. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडेल, तिथे रंगाखाली लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लेपाचा, जाड थर आहे. रंगाला फोड दिसला तर स्क्रूड्रायव्हरने टोचा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. टोक ठणकन अडलं तर पत्रा शाबूत. कुरकुरत आत गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही.

वरवरचा गंज वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत काढा. खड्ड्यांच्या तळाशी राहिलेल्या गंजासाठी बाजारात जे द्रावण मिळतं, त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिन आपल्या डोंगरातल्या हिरड्यातही भरपूर. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र आले की काळा रंग होतो, हे जुन्या रंगाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. गंजावर टॅनिक आम्ल लावल्यावर तो काळा पडतो, तोही याच रसायनामुळे: लोह टॅनिनशी बांधलं जातं आणि घट्ट थर बनतो. पण हा थर गेलेला पत्रा परत आणत नाही.

आरपार गेलेल्या भोकावर नवशिक्याचा हात आधी लांबीच्या डब्याकडे जातो. लांबी ओल शोषते. मागून पाणी येतच राहिलं तर वर नवा रंग आणि खाली जुना गंज, असं एक-दोन पावसाळे चालतं. सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्या मापाचा तुकडा वेल्ड करायचा. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने वाकतो. म्हणून शिवणकामासारखे दूर दूर टाके घ्यायचे, मधे थंड होऊ द्यायचं. हात भंगारातल्या पत्र्यावर बसवा. भार पेलणारी पट्टी जाणत्या कारागिराकडेच द्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि घासताना मास्क लावा. मग उघड्या लोखंडावर लगेच इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती पातळ लांबी आणि शेवटी रंग. घासलेला पत्रा श्रावणातल्या साताऱ्यात रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी तांबूस झालेला दिसतो.

काम संपल्यावर काच खाली करून दाराच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. दाराच्या तळाशी कारखान्यानेच बारीक भोकं ठेवलेली असतात. तिथून धार लागली तर काम झालं. नाहीतर तार घ्या, भोकं मोकळी करा आणि पुन्हा पाणी ओता.