पुण्यात घडलेल्या केमिस्टने एड्सचं औषध स्वस्त केलं, तरी दोन लाख कॅप्सूल फेकून द्याव्या लागल्या

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात राहणाऱ्या एखाद्याला एचआयव्हीची लागण झाली, तर आज तो घाटी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात नाव नोंदवतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो. पैसे लागत नाहीत. 1990 च्या आसपास मात्र अशा माणसाला द्यायला डॉक्टरांकडे जवळजवळ काहीच नव्हतं. औषध जगात होतं, पण त्याची किंमत ऐकूनच माणूस खचावा अशी होती.

त्या औषधाचं नाव एझेडटी, म्हणजेच झिडोव्हुडीन. अमेरिकेत 1964 मध्ये जेरोम हॉरविट्झ यांनी ते कॅन्सरसाठी बनवलं होतं. तिथे ते चाललं नाही आणि वीस वर्षं पडून राहिलं. मग एड्स आला, ते एचआयव्हीवर चालतं हे कळलं आणि मार्च 1987 मध्ये त्याला मान्यता मिळाली. वर्षाचा खर्च होता 8 ते 10 हजार डॉलर.

हे औषध काम कसं करतं? एचआयव्ही आपल्या पेशीत शिरला की स्वतःची डीएनए प्रत बनवतो. ही प्रत म्हणजे रेल्वेगाडी समजा. एकामागे एक डबे जोडले जातात, त्यातला एक डबा म्हणजे थायमिडीन. एझेडटी दिसायला अगदी थायमिडीनसारखंच, फक्त त्याला मागच्या बाजूची कपलिंगच नाही. विषाणू फसतो, हा डबा जोडतो आणि पुढचा डबा लागतच नाही. गाडी तिथेच थांबते.

हे औषध बनवायला थायमिडीन लागायचं आणि सुरुवातीला ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलं जायचं. हो, बरोबर वाचलंत!

आता येऊ आपल्या केमिस्टकडे. डॉ. ए. व्ही. रामा राव मूळचे आंध्रातल्या गुंटूरचे, पण केमिस्ट म्हणून घडले महाराष्ट्रात. मुंबईच्या यूडीसीटीत शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत म्हणजे एनसीएलमध्ये पीएचडी केली आणि 1985 पर्यंत तिथेच संशोधन केलं. मधली दोन वर्षं हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे होते. हे कोरी पुढे नोबेल विजेते झाले.

पुण्यात त्यांचा हात बसला तो औषध बनवण्याच्या पद्धतीवर. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं एनसीएल आणि सिप्ला यांनी मिळून भारतात आणली. सिप्लाचे युसूफ हमीद यांच्याशी रामा राव यांचं नातं या काळात पक्कं झालं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रामा राव यांनी एझेडटी शोधलं नाही, ते बनवायची वेगळी वाट शोधली. लोकांना हे काम दुय्यम वाटतं, मला तसं वाटत नाही. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळत असे. म्हणजे पद्धत बदलली की औषध तुमचं.

1985 नंतर रामा राव हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ही संस्था आता आयआयसीटी म्हणून ओळखली जाते. तिथे त्यांनी एझेडटीची पद्धत तयार केली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सिप्लाने उत्पादन सुरू केलं. दिवसाचा खर्च साधारण दोन डॉलर, परदेशापेक्षा कितीतरी कमी.

आणि घोडं इथेच अडलं. दिवसाला दोन डॉलरही तेव्हाच्या भारतीय रुग्णाला झेपणारे नव्हते. सरकारचा पैसा तपासणी आणि प्रतिबंधावर जात होता, औषध खरेदीवर नाही. शेवटी दोन लाख कॅप्सूल फेकून दिल्या, असं हमीद यांनी नंतर सांगितलं. औषध होतं, रुग्ण होते, मधला पैसे भरणारा कुणी नव्हता.

शिवाय एकटं एझेडटी पुरतही नव्हतं. विषाणू बदलतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की तो आटोक्यात राहतो हे स्पष्ट झालं. पण परदेशात या तिन्हींचा वर्षाचा खर्च 10 ते 15 हजार डॉलर. फेब्रुवारी 2001 मध्ये हमीद यांनी स्टाव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापिन हा संच वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी. जगभर खळबळ उडाली आणि आफ्रिकेत उपचारांची दारं उघडली. भारत सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली ती 1 एप्रिल 2004 पासून.

पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, पेटंट कायदा बदलला. आता नव्या औषधालाच पेटंट मिळतं. त्यामुळे रामा राव यांनी वापरलेली वेगळ्या पद्धतीची वाट नव्या औषधांसाठी बरीचशी बंद झाली.

रामा राव यांनी 1995 मध्ये निवृत्तीनंतर हैदराबादला अव्रा लॅबोरेटरीज काढली, 2016 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. घाटीतून आज मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत एझेडटी नसतं. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असतात. दिवसातून एकदा, एकच गोळी.