मुहूर्त चुकवणारा पट्टा

बंगळुरूत गाडी घेतली, मग ती नवी असो वा जुनी, की आधी देवळात न्यायची, बॉनेटला हार घालायचा, चाकांखाली लिंबे ठेवायची आणि मगच रस्त्यावर काढायची, अशी रीत आहे. बनशंकरी सेकंड स्टेजला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानेही तसेच केले. त्यांनी ओळखीच्या एका गृहस्थांकडून नऊ वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली होती. मीटरवर जेमतेम ५८ हजार किलोमीटर. रंग चकचकीत, टायर नवे, ए.सी. थंडगार. बनशंकरीच्या देवळात पूजा झाली, इमारतीत पेढे वाटले गेले.

दोन महिन्यांनी कोल्हापूरला धाकट्या बहिणीचे लग्न होते. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराचा मुहूर्त. भावाला शुक्रवारी रजा मिळाली नाही, म्हणून ऑफिस सुटल्यावर रात्रीच निघायचे ठरले. सहाशे किलोमीटरचा सरळ रस्ता, सकाळी चहाला घरी पोहोचू, असा हिशेब होता. तुमकुरू मागे पडले, शिरा गेले आणि हिरियूरच्या अलीकडे ‘खट्ट’ असा आवाज होऊन इंजिन बंद पडले. भावाने तीन-चार वेळा चावी फिरवली. स्टार्टर एरवीपेक्षा हलका, सुसाट फिरत होता, पण इंजिन काही धरेना.

पहाटे टोइंगची गाडी आली. मुलांना आणि सामानाला घेऊन हे कुटुंब बस बदलत बदलत कोल्हापूरला पोहोचले, तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती उठल्या होत्या. नवरदेवाची कानपिळी चुलतभावाने केली होती.

पुढे मिस्त्रीने इंजिन उघडून दाखवले. टायमिंग बेल्टचे दाते सोलून निघाले होते आणि हेडमधले वॉल्व्ह वाकले होते. तो एवढेच म्हणाला, “सर, गाडी घेताना तुम्ही किती किलोमीटर झाले ते विचारलंत. पट्ट्याला किती वर्षं झाली ते कोणी विचारलं?”

त्याचा हा प्रश्न गाडी वापरणाऱ्या प्रत्येक घराने स्वतःला विचारावा असा आहे.

हा पट्टा करतो तरी काय?

इंजिनाच्या खालच्या भागात क्रँकशाफ्ट असतो. वरखाली होणाऱ्या पिस्टनांमुळे तो फिरतो आणि त्याच्या जोरावर चाके फिरतात. वरच्या भागात कॅमशाफ्ट असतो. त्याचे काम वॉल्व्ह उघडण्याचे. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे दरवाजे म्हणजे हे वॉल्व्ह. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. हा मेळ राखतो तो दात्यांचा टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. बहुतेक डिझेल आणि पुष्कळशा पेट्रोल इंजिनांत वॉल्व्ह आणि पिस्टन सिलिंडरमधली तीच जागा आळीपाळीने वापरतात. एक आत आला की दुसरा बाजूला झालेला असतो. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात आणि अजून फिरत असलेले पिस्टन त्यांच्यावर आदळतात. मग वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. काही इंजिनांत ही टक्कर होत नाही, तिथे नवा पट्टा घातला की भागते. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हे सर्व्हिस सेंटरमध्ये जरूर विचारून ठेवा.

साखळीकडून पट्ट्याकडे आणि परत

आपल्या वडीलधाऱ्यांनी चालवलेल्या अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत साखळी होती. मोटारीच्या इंजिनात दात्यांचा रबरी पट्टा वापरण्याची पद्धत १९६० च्या दशकात युरोपात रुजू लागली. पट्टा हलका, कमी आवाजाचा, आणि त्याला तेलही लागत नाही. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा पट्टा मध्यमवर्गीय घरांच्या दारात पोहोचला.

बनशंकरीपासून फार लांब नसलेल्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यातून २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा बाजारात आली. त्यांच्या डिझेल इंजिनांतही पट्टाच होता. पुढे वारे पुन्हा साखळीकडे वळले. मारुतीच्या २००८ पासून आलेल्या ‘के’ मालिकेच्या पेट्रोल इंजिनांत साखळी आहे आणि २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल इंजिनांतही. त्यामुळे गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी व्यवस्था असू शकते. गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक उघडा, त्यात सर्व्हिसच्या तक्त्यात टायमिंग बेल्टचा उल्लेख आहे का ते पाहा.

किलोमीटर फसवतात

रबर वापराने झिजते, तसे वयानेही कडक होते. इंजिनाची उष्णता त्याला रोज भाजत असते. म्हणून कंपन्या पट्ट्याला दोन मुदती देतात, किलोमीटरची आणि वर्षांची. यांपैकी जी आधी संपेल ती खरी. पुष्कळ गाड्यांत ती साधारणपणे साठ हजार ते एक लाख किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षे अशी असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच अखेरचा मानावा. वर सांगितलेल्या गाडीचे किलोमीटर कमी होते, पण पट्टा मात्र नऊ वर्षांचा झाला होता.

शहरातल्या गर्दीचाही एक हिशेब आहे. बनशंकरीहून सिल्क बोर्डाकडे जाताना सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा मीटर हलत नाही, पट्टा मात्र फिरतच असतो. जागेवर चालू असलेले इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर तासाभरात क्रँकचे अठ्ठेचाळीस हजार फेरे होतात. म्हणूनच अनेक पुस्तकांत धूळ, गर्दी आणि खडतर वापरासाठी वेगळा, लवकरचा तक्ता दिलेला असतो. शहरात राहणाऱ्यांनी तोच पाहावा.

पट्टा प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो, त्यामुळे बॉनेट उघडून तो सहसा दिसत नाही. बाहेर दिसतो तो फॅन बेल्ट. तो बदलला म्हणजे टायमिंग बेल्ट बदलला, असे समजू नका. जवळपासच्या ऑइल सीलमधून तेल गळून पट्ट्यावर येत असेल, तर मुदतीची वाट न पाहता सील आणि पट्टा दोन्ही बदला. काही नव्या इंजिनांत मात्र पट्टा तेलातच फिरतो. तिथे कंपनीने सांगितलेलेच तेल घालणे आणि ते वेळेवर बदलणे अत्यावश्यक आहे.

बदलायचाच तर पूर्ण काम करा

पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर या पुल्याही बदलून घ्या. पट्टा नवा आणि पुलीचे बेअरिंग जुने असेल, तर तेच बेअरिंग अडकून नवा पट्टा तोडू शकते. पुष्कळ इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर चालतो, तोही त्याच वेळी बदलला की मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. सुटे भाग अस्सल आहेत याची खात्री करा, जुने भाग परत मागा आणि बिल जपून ठेवा. खुणा जुळवून पट्टा बसवल्यावर चांगला मिस्त्री चावी लावण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतो. हे काम घरी करून पाहण्याचे नाही.

साखळीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये

साखळी इंजिनाच्या तेलात फिरते आणि तेल चांगले असेल तर बहुधा इंजिनाएवढीच टिकते. पण तेल बदलण्यात चालढकल केली, पातळी कमी राहिली, तर तिचे सांधे झिजतात आणि ती लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनरही पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबावरच चालतो. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येत असेल, किंवा इंजिनाचा दिवा लागत असेल, तर लगेच तपासून घ्या. पट्टा अनेकदा मुकाट्याने तुटतो, साखळी बहुधा आधी बोलते.

चालती गाडी एकाएकी बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा सुसाट फिरू लागला, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका, धक्का मारूनही सुरू करू पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात वाकलेल्या वॉल्व्हवर आणखी मार बसतो. गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि टोइंग बोलवा.

आणि जुनी गाडी घेताना एक नियम लक्षात ठेवा. पट्टा बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजा आणि तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा. वेळेवर बदललेल्या पट्ट्याचा खर्च जड वाटतो खरा, पण हेड उतरवून वॉल्व्ह बदलण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो.

बनशंकरीच्या त्या घरची गाडी आता पुन्हा धावते आहे. तिच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला एक छोटा कागद चिकटवलेला आहे. त्यावर पट्टा बदलल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि पुढच्या बदलाचे वर्ष लिहिले आहे. भाऊ म्हणतो, “बहिणीनं माफ केलं, पण कानपिळी काही परत येत नाही.” लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपणही आज संध्याकाळी गाडीचे पुस्तक शोधून ती तारीख पाहून घ्या.