मोगली पुन्हा पाहताना : लहानपणी न दिसलेला बालू



दूरदर्शनवरची ‘द जंगल बुक’ तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी न चुकता पाहिली असेल. ती मालिका आता मुलांना शेजारी बसवून पुन्हा पाहा. गोष्ट तीच असते, पण आपलं लक्ष वेगळ्याच ठिकाणी जातं.

पहिलं लक्ष जातं ते श्रेयनामावलीकडे. तेव्हा आपण फक्त गाणं म्हणायचो. ते गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! ५२ भागांची ही मालिका मुळात १९८९ मध्ये जपानमध्ये तयार झाली. तिचा आधार आहे रुडयार्ड किपलिंग यांचं १८९४ चं पुस्तक. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईतला.

मग लक्ष जातं नावांकडे. भालूचा बालू, बाघचा बघीरा, कळपाचा प्रमुख अकेला म्हणजे एकटा. कथेतलं जंगल सिवनी परिसरातलं, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचं. पुस्तकातली वैनगंगा पुढे भंडारा-गडचिरोलीतून वाहते. मुलांना नकाशा काढून हे दाखवलं तर भूगोल आणि भाषा दोन्ही तास एकदम होतात.

पण खरा फरक पडतो तो बालूकडे बघताना. लहानपणी आपण मोगली असतो. झाडावरून उड्या मारायच्या, शेरखानला हरवायचं, बस्स. शिकवणारं अस्वल मध्येमध्ये येतं, तेव्हा गंमत थांबल्यासारखं वाटतं. आज आपण बालूच्या जागी असतो. आणि त्या जागेवरून माकडांचा प्रसंग वेगळाच दिसतो.

त्यासाठी मूळ पुस्तक उघडून बघा. पुस्तकातला बालू जंगलाचे नियम शिकवताना मोगलीला फटके मारतो. बघीरा विचारतो की एवढंसं पोर, त्याच्या डोक्यात हे सगळं मावणार कसं? बालूचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे : अज्ञानामुळे जीव जाण्यापेक्षा प्रेमाने मारलेलं बरं. ‘छडी लागे छमछम’ म्हणणारे आपल्याकडेही काही कमी नव्हते.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. मार खाऊन रुसलेला मोगली दूर जातो, तेव्हा त्याला जवळ करतात ती माकडं. ती त्याला खाऊ देतात, त्याची कीव करतात. पुढे तीच त्याला पळवून नेतात. त्याला सोडवायला बालू आणि बघीराला का अजगराची मदत घ्यावी लागते.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? बालूने शिकवलेले शब्द मोगलीच्या उपयोगी पडतात, हे खरंच. त्याच शब्दांमुळे चील घार त्याचा निरोप पोचवते. म्हणजे शिकवणं बरोबर होतं. पण मार बसला आणि मूल दुखावलं, तेव्हा त्याला जवळ घेणारं आपलं माणूस तिथे नव्हतं. ती जागा माकडांनी भरली. आपल्या मुलांची माकडं कोण, हे मी सांगायला नको. काही रस्त्याच्या कोपऱ्यावर असतात, काही मोबाइलमध्ये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. त्यामागचं कारण पालकांना समजावून सांगायला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

वर्गात किंवा घरी एवढं करून पाहा :

१. माकडांचा भाग मुलांसोबत पाहा. मध्ये थांबवून उपदेश करू नका.

२. मुलांना विचारा : मोगली माकडांकडे का गेला असेल? तुम्ही रुसलात की कोणाकडे जाता?

३. तुम्हाला लहानपणी कोण आवडायचं आणि आज कोण आवडतं, ते मुलांना सांगा. ‘आमच्या वेळची कार्टून्स चांगली होती’ हे वाक्य मात्र टाळा.

४. मग मुलांच्या आवडीच्या मालिकेचा एक भाग त्यांच्यासोबत बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. त्यात तुमचं नाव आलं तर उत्तमच. नाही आलं, तर रागावू नका. त्या दिवशी फक्त मुलाजवळ बसा.