मोटार कोणाची, जोखीम कोणाची?

विजेची मोटार विकत घ्यावी की भाडेकराराने घ्यावी, ह्या विषयावर कामगार-चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने काय बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. यंत्रशास्त्र आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. परंतु करारपत्रे वाचण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि हा प्रश्न मोटारीचा जितका आहे त्याहून अधिक करारपत्राचा आहे, असे आमचे मत आहे.

पेट्रोलच्या मोटारीबाबत हा प्रश्न आपल्याकडे सामान्य गृहस्थाला सहसा पडला नाही. विजेच्या मोटारीत मात्र किमतीचा फार मोठा भाग एकट्या बॅटरीत असतो, आणि बॅटरी ही झिजणारी वस्तू. ती किती झिजेल हे उन्हाळ्याच्या तापावर आणि गाडी घाईघाईने चार्ज करण्याच्या सवयीवर बरेचसे अवलंबून असते. तशात बॅटरीचा बाजारभावही उतरत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचा खर्च कमी झाल्याचे सांगून टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत उतरविली. ग्राहकांना आनंद झाला खरा. पण ज्याने ती महिनाभर आधी घेतली होती, त्याची गाडी दारात उभ्या उभ्या स्वस्त झाली. हा तोटा कोणी सोसावा? विकत घेणाराने सोसावयाचा असेल तर ती खरेदी, आणि देणाराने सोसावयाचा असेल तर तो भाडेकरार. मूळ भेद एवढाच आहे. मात्र देणारा ही जोखीम फुकट उचलीत नाही. तिची किंमत तो भाड्यातच घालतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही मोटार बाजारात आणली. बॅटरीसह तिची शोरूम किंमत १३ लाख ५० हजारांपासून होती. बॅटरी भाड्याने घेतल्यास गाडी ९ लाख ९९ हजारांना, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. चार्जिंगच्या विजेचा खर्च ह्याहून वेगळा, हे जाहिरात वाचताना पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. किमतीतील फरक साडेतीन लाखांचा, भाडे साडेतीन रुपयांचे. म्हणजे एक लाख किलोमीटर झाले की भाड्यातच बॅटरीची किंमत फिटते. पण रोख साडेतीन लाख कोणाजवळ असतात? ती रक्कम नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढली, तर हप्ता सुमारे ७,२६५ रुपये येतो आणि व्याजच ८६ हजारांच्या घरात जाते. ते धरले की बरोबरीचा आकडा सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास सरकतो.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थाला तेथवर पोहोचण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याने बॅटरी भाड्याने घेतली तर त्यात गैर काही नाही, मात्र किमान किलोमीटरचे कलम आधी शोधावे. समजा, करारात दरमहा १,५०० किलोमीटरचे भाडे देणे बंधनकारक आहे. मग गाडी सहाशेच किलोमीटर चालली तरी ५,२५० रुपये द्यावे लागतील, म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ रुपये! खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाला पीक बुडाले तरी खंड भरावा लागे, त्यातलाच हा प्रकार.

उलट बाजू पाहा. हाच दर महिन्याला तीन हजार किलोमीटर चालविणाऱ्या टॅक्सीवाल्यास लावला, तर बॅटरीचे भाडे होते १०,५०० रुपये. कर्जाच्या हप्त्यापेक्षा हे सव्वातीन हजारांनी जास्त, आणि हप्ता तरी पाच वर्षांनी संपतो. म्हणजे ज्याची गाडी सर्वांत जास्त चालते, त्याला भाडे सर्वांत महाग पडते. आणि भाड्याकडे ढकलला जातो तो नेमका तोच! कारण पगारदाराला बँक कर्ज देते, आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्याकडे आधी जामीन मागते.

सबंध मोटार भाडेकराराने घेण्याची पद्धतही आहे. साधारणपणे दोन ते चार वर्षांची मुदत, ठराविक मासिक भाडे, बहुधा त्यातच विमा व देखभाल, आणि मुदत संपताच गाडी परत. मुदतीपूर्वी सोडली तर दंड. वर्ष-दोन वर्षांत बदली होणाऱ्या नोकरदाराला हे सोयीचे वाटते, पण त्यालाही हा दंड आधी विचारून घ्यावा लागेल. येथे कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २ (३०) प्रमाणे भाडेकराराखालील वाहन ज्याच्या ताब्यात असेल, तोच ‘मालक’ समजला जातो. गाडी विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पण जबाबदारीपुरते मालक आपण!

ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने आणखी एक गोष्ट पाहावी. दिल्ली परिसरात व बंगळुरात ब्लूस्मार्ट ही विजेच्या टॅक्सींची कंपनी होती. तिच्या पुष्कळशा गाड्या जेनसोल ह्या दुसऱ्या कंपनीकडून भाडेकराराने घेतलेल्या होत्या, आणि चालक त्या रोज चालवीत असत. जेनसोलने ६,४०० गाड्यांसाठी कर्ज उचलून प्रत्यक्षात ४,७०४ च खरेदी केल्या, असे सेबीने १५ एप्रिल २०२५ च्या आदेशात नमूद केले. त्यानंतर एक-दोन दिवसांतच टॅक्सीसेवा थांबली आणि हजारो चालक बसून राहिले. हिशेबाच्या त्या वह्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. स्वतःची गाडी असती तर त्यांना दुसरीकडे भाडे मारता आले असते. चाक दुसऱ्याचे, म्हणून चाकाबरोबर तेही थांबले.

चालकांच्या सभांतून आम्ही म्हणूनच हा विषय पतपेढीच्या अंगाने मांडतो. पतपेढीने नऊ टक्क्यांऐवजी बारा टक्के व्याज लावले, तरी साडेतीन लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ७,८०० च्या आत राहतो. भाडे मात्र १०,५००. राहिलेल्या पैशातून थोडे बाजूला टाकून, हमीची मुदत संपल्यावर बॅटरी बदलण्याची तजवीज करता येते. ही हमी सर्वसाधारणपणे आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, आणि तीन हजारांच्या हिशेबाने टॅक्सीवाला तिथे साडेचार वर्षांतच पोहोचतो, हप्ते फिटण्याच्या सहा-सात महिने आधी.