खेळाडू आणि वैद्य

मुलास खेळूं द्यावें कीं अभ्यासास बसवावें, हा प्रश्न इटियाडोह जलाशयाच्या परिसरांतील घरांतही पडतो. त्याचा विचार आम्ही एका दूरच्या खेळाडूच्या चरित्रावरून करूं.

रग्बी हा कबड्डीसारखाच धरपकडीचा खेळ होय. लांबट चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीस टेकवावयाचा. हातानें तो पुढें फेंकावयाचा नाहीं. चेंडू बाळगणाऱ्यास धरून पाडण्याची मुभा असल्यानें दुखापती फार होतात. या खेळाच्या रग्बी युनियन या प्रकारांत १९९५ सालीं वेतन घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली.

वेल्सचे जेमी रॉबर्ट्स (जन्म १९८६) हे असेच वेतनी खेळाडू होते. देशातर्फे ते ९४ सामने खेळले. २००८ सालीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळतांना त्यांच्या कवटीस तडा गेला. तथापि त्यांनीं मैदान सोडलें नाहीं, आणि कार्डिफ विद्यापीठांतील वैद्यकाचा अभ्यासही सोडला नाहीं. २०१३ सालीं पदवी घेऊन ते पॅरिसच्या संघाकडून खेळूं लागले. २०२२ सालीं निवृत्त झाले.

आपल्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनीं भारतीय महिला रग्बी संघाचें नेतृत्व केलें. त्याही फिजिओथेरपिस्ट आहेत. भारतीय महिलांच्या पंधरा जणींच्या संघानें २०१८ सालीं प्रथमच आंतरराष्ट्रीय सामना खेळून २०१९ सालीं सिंगापूरवर पहिला विजय मिळविला.

अंगमेहनतीच्या खेळांतील कमाईचीं वर्षें थोडीं असतात, आणि एका दुखापतीनें तींही संपूं शकतात. म्हणून पालकांनीं मुलांस मैदान बंद करूं नये, व मुलांनीं पुस्तक मिटूं नये.